हवेचा सौदा, जमिनीवर बोजा

‘शेतकऱ्याचं काही जात नाही, वर चार पैसे मिळतात.’ कार्बन क्रेडिटची बाजू मांडणाऱ्यांचं हे पहिलं वाक्य असतं आणि पुष्कळदा शेवटचंही. कृषी प्रदर्शनाच्या मांडवात, शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत, मोबाइलवरच्या व्हिडिओत ते ऐकू येतं. नांगरट कमी करा, शेणखत घाला, बांधावर झाडं लावा. मातीत आणि खोडात जो कार्बन साठेल तो आम्ही मोजू, परदेशातली एखादी कंपनी तो विकत घेईल, पैसे थेट खात्यात. जमीन तुमची, पीक तुमचं, झाडही तुमचं. मग नाही म्हणायला कारण काय?

कारणं आहेत, आणि नंदुरबार जिल्ह्यात ती इतर ठिकाणांपेक्षा जड आहेत. २०११च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातले ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे तालुके पूर्ण आणि शहादा, नंदुरबार यांचे काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. हजारो कुटुंबांकडे सातबारा नाही, वनहक्काचा पट्टा आहे. अशा जमिनीवर वीस-वीस वर्षांचे करार करायला सांगणाऱ्यांनी आधी काही प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. माझं म्हणणं सरळ आहे: आज ज्या अटींवर हा व्यवहार पुढे केला जातो, त्या अटींवर इथल्या शेतकऱ्याने कार्बन विकू नये. समर्थकांचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा पैशाचा. चार पैसे म्हणजे नेमके किती? एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. कंपन्या स्वेच्छेने क्रेडिट घेतात त्या बाजारात २०२३ साली एका टनाला सरासरी साडेसहा डॉलरच्या आसपास भाव मिळाला, म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये. समजा, धडगाव तालुक्यात एकाचं दोन एकर कोरडवाहू शेत आहे आणि त्याची माती वर्षाला एकरी एक टन साठवते. हलक्या, उताराच्या जमिनीला हा आकडा उदारच आहे, तरी धरू. दोन टनांचे अकराशे रुपये झाले. त्यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा गेला, काही क्रेडिट जोखमीपोटी राखून ठेवली गेली, आणि निम्मे शेतकऱ्याकडे आले असं मानलं तर साडेपाचशे रुपये उरतात. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. वर्षभर कोणी तरी सांगितलेल्या शिस्तीने शेती केल्याचा मोबदला दोन दिवसांच्या मजुरीइतकाही भरत नाही.

यावर उत्तर येतं की झाडांच्या क्रेडिटला भाव जास्त असतो. मान्य. दसपट धरा. साडेपाच हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे दसपट धरूनही एक क्विंटल कापूस होत नाही. गुलाबी बोंडअळी एका आठवड्यात त्याहून जास्त नेते. शेतकऱ्याच्या अडचणीवर हा उपाय आहे असं म्हणणाऱ्याने बोंडअळीच्या वर्षी कपाशीच्या शेतात जाऊन ते म्हणून बघावं.

आणि हेही पैसे येतात का? हरियाणा आणि मध्य प्रदेशातल्या सात कार्बन प्रकल्पांचा अभ्यास मका-गहू संशोधनाच्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या संशोधकांनी केला. ८४१ शेतकऱ्यांशी बोलून केलेला हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पांत सामील झालेल्यांपैकी ९९ टक्के शेतकऱ्यांना तोवर एक रुपयाही मिळालेला नव्हता. २८ टक्क्यांनी दुसऱ्याच वर्षी सांगितलेली पद्धत सोडून दिली. हे संशोधक कार्बन शेतीचे विरोधक नव्हेत. प्रकल्प नीट चालावेत म्हणून सूचना करणारी ही माणसं आहेत, म्हणून त्यांच्या आकड्यांना वजन आहे. हरियाणात बारमाही पाणी आहे, रस्ते आहेत, शेतं सलग आणि सपाट आहेत. तिथे पैसे पोचले नाहीत, तर सातपुड्यातल्या मोलगीच्या पाड्यावर ते कसे पोचणार आहेत?

दुसरा मुद्दा ‘काही जात नाही’ हा. यातच खरी मेख आहे. कपाशी विकली की व्यवहार संपतो. पुढच्या वर्षी ज्वारी पेरायची की मिरची लावायची, हे विचारायला व्यापारी येत नाही. कार्बनच्या व्यवहारात विकत घेणाऱ्याला हमी हवी असते की जे साठलं ते साठलेलंच राहील. म्हणून करार लांब असतात. मातीच्या प्रकल्पांना वीस वर्षं आणि झाडांना काही मानकांत चाळीस वर्षं अशी मुदत सांगितली जाते. एवढ्या काळात एका शेतकरी कुटुंबात काय काय होतं, ते आठवून पाहा. मुलीचं लग्न निघतं आणि बांधावरचा साग विकावा लागतो. घराला नवं आढं हवं असतं. भावांच्या वाटण्या होतात आणि दोन एकराचे चार तुकडे पडतात. विहिरीला पाणी लागतं आणि कोरडवाहू शेतात पपई लावावीशी वाटते. एखाद्या वर्षी दिवाळीनंतर सगळं कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत जातं आणि शेत तसंच पडून राहतं. यातल्या प्रत्येक प्रसंगी निर्णय घरातल्या माणसांनी घ्यायचा असतो. करारावर सही झाली की तिथे तिसरा माणूस येऊन बसतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना हा प्रकार नवा नाही. मुकादमाची उचल घेतली की हंगामभर पाय बांधले जातात. पण मुकादम निदान पैसे आधी मोजतो. इथे पाय आधी बांधायचे आणि पैसे पुढे कधी तरी, भाव काय असेल त्याप्रमाणे.

कायद्याकडे पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने परवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्यापुढच्या व्यवहाराला शासनाची मान्यता. हा कायदा हवेतून आला नाही. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरच्या भिलांच्या जमिनी कागदावरच्या अंगठ्यांनी कशा गेल्या, हे १९७२ साली उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेने आणि अंबरसिंग महाराजांनी सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिलं. त्या काळातल्या लढ्यांनंतर १९७४ साली जमिनी परत करण्याचा कायदा झाला. आता प्रश्न असा: पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकारी लागतो, तर त्याच जमिनीच्या वापरावर वीस वर्षं बंधन घालणाऱ्या कराराला मोबाइलवरचा ओटीपी कसा पुरतो? ‘आम्ही जमीन घेत नाही, फक्त कार्बन घेतो’ हे त्यावरचं उत्तर. पण ज्या जमिनीवर काय पेरायचं, कुठलं झाड तोडायचं आणि नांगर किती खोल घालायचा हे दुसरा ठरवतो, तिथे भाडेपट्ट्याहून कमी काय राहिलं? २०२५ साली आदिवासींच्या जमिनी खाजगी उद्योगांना भाडेपट्ट्याने देण्याची कल्पना महसूलमंत्र्यांनी मांडली, तेव्हा आदिवासी संघटनांनी कडाडून विरोध केला. तेव्हा जे समोरच्या दाराने येऊ दिलं नाही, ते कार्बनच्या नावाने मागच्या दाराने येऊ नये.

वनहक्काच्या पट्ट्याचं तर आणखी अवघड आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे हा हक्क वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही आणि दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. विवाहित जोडप्याचा पट्टा दोघांच्या नावाने असतो. त्या जमिनीवरच्या झाडात साठलेला कार्बन कोणाचा, पट्टेधारकाचा, वनखात्याचा की ग्रामसभेचा, याचं स्पष्ट उत्तर आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. ज्या वस्तूचा मालक ठरलेला नाही ती विकायला लावणं म्हणजे उद्याच्या भांडणात शेतकऱ्याला एकट्याला उभं करणं. आणि पट्टा नवरा-बायको दोघांचा असताना करारावर बहुतेक ठिकाणी सही कोणाची घेतली जाईल, हे सांगायला नको.

तिसरा मुद्दा ऐकायला सर्वांत गोड आहे: निसर्ग सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हे बक्षीस आहे. नियम नेमका उलट आहे. क्रेडिट मिळतं ते आधी जे होत नव्हतं आणि या पैशामुळे नव्याने झालं त्याला. जे आधीपासून होतं त्याला काही नाही.

सातपुड्यात याचा अर्थ काय होतो ते पाहू. एप्रिल-मे महिन्यांत धडगाव-मोलगीच्या पाड्यांवर आमचुराचं काम चालतं. कैऱ्या उतरवायच्या, बायका-मुलांनी बसून त्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकावर किंवा कापडावर उन्हात पसरायच्या. साल नीट काढलेल्या पांढऱ्या फोडीला भाव चांगला मिळतो. मध्येच वळवाचा शिडकावा झाला की फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी निम्म्यावर येतो. ही आंब्याची झाडं कोणा प्रकल्पाने लावलेली नाहीत. आजोबा-पणजोबांनी शेतात राखली, त्यांच्या सावलीत उत्पन्न कमी येतं तरी तोडली नाहीत. त्याच शेतात ज्वारी, मका, तूर, उडीद, भगर असं एकत्र पेरलं जातं, रासायनिक खत फारसं पडत नाही. हवामानाच्या दृष्टीने याहून चांगली शेती कुठली? तरीही बाजाराच्या हिशेबात या आंब्याच्या खोडातला कार्बन शून्य, कारण तो ‘आधीपासूनचा’. ज्याने ट्रॅक्टर लावून सगळी झाडं काढली, पाचट जाळलं, त्याच्याकडे मात्र सुधारणेला भरपूर वाव. म्हणजे विकायला भरपूर क्रेडिट. बिघडवणाऱ्याला भाव आणि राखणाऱ्याला शाबासकी, याला बक्षीस म्हणत नाहीत.

शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा हे याचं मोठं उदाहरण. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, दंड, पहारा, सगळे नियम गावाने गावाला घातलेले. २०२५ साली चैत्रामभाऊंना पद्मश्री मिळाली. या गावाला जंगल वाचवल्याचं क्रेडिट हवं असेल, तर आधी दाखवावं लागेल की पैसा मिळाला नाही तर हे जंगल तुटणार आहे. तीस वर्षं जे गाव झाडाला हात लावू देत नाही, त्याने धमकीच्या सुरात अर्ज लिहायचा! ज्या व्यवस्थेत बारीपाड्याला खोटं बोलावं लागतं, ती व्यवस्था निसर्गाची मोजणी करते असं मी मानणार नाही.

चौथा मुद्दा: उपग्रह मोजतो, त्यामुळे फसवणुकीला जागा नाही. उपग्रहाला झाडोरा दिसतो. तो कोणामुळे राहिला आणि प्रकल्प नसता तर काय झालं असतं, हे उपग्रह सांगत नाही. ते माणूस लिहितो, आणि लिहिणाऱ्याचं उत्पन्न त्या आकड्यावर अवलंबून असतं. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’, ‘डी त्साइट’ आणि ‘सोर्समटेरियल’ यांनी केलेल्या तपासात जगातल्या सर्वांत मोठ्या प्रमाणन संस्थेच्या, म्हणजे व्हेराच्या, वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिटमागे खरी कार्बनबचत नसावी असा निष्कर्ष निघाला. व्हेराने तो नाकारला. पण २०२४ मध्ये चीनमधले भातशेतीचे ३७ प्रकल्प खुद्द व्हेरानेच रद्द केले. अशी बातमी आली की बाजार घसरतो. घसरण कोणाच्या अंगावर येते? कंपनी दुसऱ्या धंद्याकडे वळते, खरेदीदार दुसरीकडून क्रेडिट घेतो. शेतकरी मात्र करारात अडकलेला राहतो. हे भाकीत नव्हे, घडून गेलं आहे. क्योटो कराराखालच्या क्रेडिटचा भाव २००८ साली टनाला वीस युरोच्या घरात होता; २०१२ संपता संपता तो एक युरोच्याही खाली गेला.

त्या काळाची खूण आपल्या परिसरात आजही फिरताना दिसते. साक्री आणि नंदुरबारच्या पठारांवर २००० नंतरच्या दशकात पवनचक्क्यांची रांग लागली. त्यासाठी वनजमिनी वळवल्या गेल्या, त्या कसणाऱ्या आदिवासींनी आणि सत्यशोधक चळवळीतल्या संघटनांनी विरोध केला, मोर्चे निघाले. धुळे जिल्ह्यातल्या पवनप्रकल्पांनी क्योटोच्या यंत्रणेत नोंदणी करून क्रेडिट मिळवली. ती प्रकल्पमालकांच्या नावावर जमा झाली. पात्याखालची जमीन कसणाऱ्याचा त्यात वाटा नव्हता, कारण कायद्याने तो कोणी ठरवलाच नव्हता. पवनऊर्जेला माझा विरोध नाही. पण कार्बनचा पैसा आपोआप खालपर्यंत झिरपतो असं सांगणाऱ्याने त्या पठारावरच्या पाड्यांत आधी जाऊन यावं.

पाचवा मुद्दा हवामानाचा: जग तापतंय, शेतकऱ्याने हातभार लावायला नको का? हातभार तो लावतोच आहे, आणि तापलेल्या जगाची झळही त्यालाच बसते आहे. परंतु क्रेडिट विकत घेणारा त्याच्या बदल्यात आपला धूर कमी करत नाही, कागदावर वजा करतो. म्हणजे नंदुरबारच्या मातीत एक टन साठला आणि दूरच्या कारखान्यातून एक टन निघाला; हवेचा हिशेब जिथल्या तिथे. शिवाय मातीतला कार्बन एका दुष्काळात किंवा एका खोल नांगरटीत परत हवेत जाऊ शकतो, कोळशाचा धूर मात्र शेकडो वर्षं राहतो. देशहितासाठी त्याग करा, हे वाक्य नर्मदाकाठच्या मणिबेलीपासून पुढच्या गावांनी एकदा ऐकलं आहे. सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित झाली. दुसऱ्याच्या सोयीसाठी किती वेळा द्यायचं, हा प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार आहे.

आता सर्वांत टोकदार आक्षेप. ‘तुम्हाला आदिवासींना गरीबच ठेवायचं आहे. बाहेरचा पैसा येतो म्हटलं की तुम्ही आडवे येता.’ हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लाकूडफाटा, महू, आमचूर आणि स्थलांतर यांवर चालणाऱ्या घराला हजार रुपयेही कमी नसतात. आणि सगळे प्रकल्प सारखे नाहीत. राबोबँकेचा ‘एकॉर्न’ उपक्रम शेतझाडांच्या क्रेडिटच्या विक्रीतले ८० टक्के शेतकऱ्याला द्यायचे असं उघड सांगतो. मेघालयात मॉफलांगच्या परिसरात खासी समाजाच्या पारंपरिक हिमा संस्थांनी एकत्र येऊन जंगलाचा कार्बन प्रकल्प २०११ पासून चालवला, करार एकेका घराने नव्हे तर समाजाने केला. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जैवकोळसा करून त्याची क्रेडिट विकणं हा तर वेगळाच व्यवहार आहे. तिथे शेतकऱ्याने पऱ्हाट्या वजनावर विकायच्या, काट्यावर मोजून पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. पुढे त्याचा कोळसा झाला, क्रेडिट झालं, कोणी घेतलं, ही कंपनीची डोकेदुखी. जमिनीवर बोजा नाही, मुदत नाही. अशा विक्रीला मी हरकत घेणार नाही, भाव मात्र घासाघीस करून घ्यावा.

म्हणजे प्रश्न कार्बनचा नाही, अटींचा आहे. आणि अटी बदलता येतात. करार एकेकट्या खातेदाराशी न होता ग्रामसभेच्या ठरावाने व्हावा. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यात आणि वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये त्याला आधार आहे. कागद मराठीत असावा आणि पावरी, भिलोरी, मावचीत वाचून समजावला जावा, नवरा-बायको दोघांची सही असावी. मुदत पाच वर्षांच्या पुढे नसावी आणि बाहेर पडण्याला दंड नसावा. बांध घातला, रोप जगवलं, त्या कामाचे पैसे त्याच हंगामात मिळावेत, क्रेडिट विकलं जावो न जावो. रोजगार हमीने हेच केलं: बांधबंदिस्ती केली, फळझाडं लावली, मजुरी दिली, आणि त्या झाडावर शासनाने पुढे हक्क सांगितला नाही. क्रेडिट कोणाला, कोणत्या भावाने विकलं, त्याची पावती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. वणवा लागला, दुष्काळात रोपं वाळली, तर तो तोटा कंपनीचा. कार्बनची मालकी कोणाची, हे राज्याने कायद्यात लिहावं. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या स्वेच्छा कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. अनुसूचित क्षेत्रासाठी त्यावर वेगळे नियम करणं राज्याच्या हातात आहे.

एवढ्या अटी घातल्या तर आमचा हिशेब बसत नाही, असं कंपन्या म्हणतील. म्हणू द्या. त्याचा अर्थ एवढाच की आजवर हिशेब बसत होता तो जोखीम शेतकऱ्याच्या माथी होती म्हणून. अटी मान्य करणारा कोणी आला तर ग्रामसभेने त्याला बसवून घ्यावं, प्रश्न विचारावेत, पटलं तर करार करावा. तोवर नंदुरबारच्या शेतकऱ्याने शेणखत घालावं, बांध घालावा, आंबा-महू लावावा, पऱ्हाट्या काट्यावर विकाव्यात, कारण यातलं प्रत्येक काम त्याच्या स्वतःच्या फायद्याचं आहे. त्यासाठी कोणाच्या करारावर सही करायची गरज नाही, आणि त्याने ती करू नये.